हर्गेसा : वर्गणीवर उभं राहिलेलं शहर

बंदरकर (धागाकर्ता)

मागच्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं, "सोमालिया म्हणजे चाचे आणि दुष्काळ, तिथे शहर कसलं बघायचं?" त्या धाग्यावर उत्तर लांबत गेलं असतं, म्हणून हा वेगळा काढतोय. मी जिबूतीत मालवाहतुकीच्या कागदपत्रांचं काम करतो. त्यामुळे बर्बेरा बंदर आणि तिथून घाट चढून हर्गेसा, अशा फेऱ्या होत असतात.

स्वतःच्या शहरावर बॉम्ब टाकायला विमानं त्याच शहराच्या विमानतळावरून उडाली, असं जगात फार कुठे घडलेलं नाही. हर्गेसात १९८८ साली घडलं. धावपट्टी सोडली की विमान वळायचं, बाजारावर, वस्त्यांवर बॉम्ब टाकायचं आणि पुन्हा भरून घ्यायला खाली उतरायचं. त्या वेळचं एक मिग आज शहराच्या मध्यावर चौथऱ्यावर बसवलंय. चौथऱ्याच्या भिंतींवर चित्रं आहेत : पळणारी माणसं, प्रेतं, आणि झेंडा धरून उभी असलेली एक बाई. रंग भडक आहेत, चित्रकला शाळकरी म्हणावी अशी. शेजारी चहावाले, मोबाइलची कव्हरं विकणारे आणि विमानाखाली सावलीला बसलेले म्हातारे.

आधी भूगोल. हर्गेसा ही सोमालीलँडची राजधानी. हा भाग म्हणजे जुना ब्रिटिश सोमालीलँड. २६ जून १९६० ला तो स्वतंत्र झाला आणि पाचच दिवसांनी, १ जुलैला, इटलीच्या ताब्यातून सुटलेल्या दक्षिणेशी एक झाला. १९९१ मध्ये या लोकांनी ती सोयरीक मोडली. तेव्हापासून स्वतःचं सरकार, पोलीस, चलन, पासपोर्ट सगळं आहे. पण संयुक्त राष्ट्रांत जागा नाही, आणि भारतासकट बहुतेक देशांच्या लेखी हा अजूनही सोमालियाचाच एक भाग. पुढचं वाचताना हे डोक्यात ठेवा, कारण मान्यता नसलेल्या सरकारला जागतिक बँकेचं सरळ कर्ज मिळत नाही. पूल बांधायचा तरी पैसे घरातूनच काढायचे.

युद्ध का झालं? १९६९ मध्ये सियाद बारेने लष्करी उठाव करून सत्ता घेतली. १९७७-७८ मध्ये ओगादेन प्रांतासाठी इथिओपियाशी लढाई करून तो हरला आणि लाखो निर्वासित उत्तरेत आणून बसवले. उत्तरेतल्या इसाक कुळाच्या लोकांना वाटलं (आणि ते फारसं चूक नव्हतं) की आपली जमीन, व्यापाराचे परवाने, नोकऱ्या सगळं काढून घेतलं जातंय. १९८१ मध्ये त्यांच्या परदेशस्थ लोकांनी लंडनमध्ये सोमाली नॅशनल मूव्हमेंट (एसएनएम) ही बंडखोर संघटना काढली.

त्याच वर्षीची एक गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. हर्गेसाच्या सरकारी दवाखान्याची पार रया गेली होती. काही तरुण डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर एकत्र आले, वर्गणी काढली, वॉर्ड धुतले, खाटा दुरुस्त केल्या, औषधं जमवली. सरकारने त्यांना उचललं. कारण काय, तर परवानगीशिवाय संघटित झाले. फेब्रुवारी १९८२ मध्ये खटला चालला, तेव्हा शाळेतली पोरं दगड घेऊन रस्त्यावर आली. गोळीबार झाला. त्या मंडळींना लांबलचक शिक्षा झाल्या, त्यातले काही वर्षानुवर्षं एकांत कोठडीत होते, आणि सुटले ते १९८९ साली. दवाखाना झाडला म्हणून!

एप्रिल १९८८ मध्ये सियाद बारे आणि इथिओपियाचा मेंगिस्टू यांनी समझोता केला : तू माझे बंडखोर पोसू नकोस, मी तुझे पोसणार नाही. एसएनएमवाल्यांचा इथिओपियातला तळ जाणार हे नक्की झालं. म्हणून मेअखेरीस त्यांनी एकदम बुराओ आणि हर्गेसा या दोन शहरांत घुसून हल्ला चढवला. उत्तर तोफांनी आणि विमानांनी आलं. या भागाचा लष्करी प्रमुख होता सियाद बारेचा जावई, जनरल मॉर्गन. एका वैमानिकाने बॉम्ब टाकायचं नाकारून विमान सरळ जिबूतीला नेऊन उतरवलं. बाकीच्यांनी टाकले. मेलेल्यांचा आकडा बहुतेक ठिकाणी पन्नास हजारांच्या आसपास सांगतात, काही जण दोन लाखांपर्यंत नेतात. लाखो माणसं चालत इथिओपियात गेली. तिथली हार्तशेख छावणी त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या छावण्यांपैकी एक होती.

१९९१ च्या सुरुवातीला सियाद बारे पळाला आणि लोक परतू लागले. शहराचा ऐंशी-नव्वद टक्के भाग पडलेला होता. उभ्या भिंतींवर छप्पर नव्हतं, कारण सैनिकांनी पत्रे, दारं, चौकटी, अगदी विजेच्या ताराही काढून विकल्या होत्या. आणि घरांच्या उंबऱ्यांत, अंगणांत सुरुंग पेरलेले. पहिली काही वर्षं घर बांधायचं म्हणजे आधी सुरुंग काढणारा शोधायचा.

आता खरा मुद्दा. हे शहर बांधलं कुणी? मोठी विदेशी मदत आली नाही. जगाचं लक्ष, सैन्य आणि पैसा मोगादिशूकडे गेला आणि तिथे वायाही गेला. इकडे कुळांचे म्हातारे झाडाखाली बसले. १९९३ ची बोरामाची बैठक महिनोन्‌महिने चालली. तिच्यातून महंमद हाजी इब्राहिम एगाल राष्ट्राध्यक्ष झाले आणि वडीलधाऱ्यांचं एक कायमचं सभागृह तयार झालं, त्याला गूर्ती म्हणतात. एगाल पक्के मुरलेले राजकारणी, एके काळी अखंड सोमालियाचे पंतप्रधान राहिलेले. त्यांनी गुरंमेंढ्यांच्या व्यापाऱ्यांकडून उधार घेऊन सरकार चालवलं, १९९४ मध्ये नवं शिलिंग छापलं, टोळ्यांची हत्यारं सरकारजमा करायला लावली. सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. १९९४ च्या शेवटी विमानतळाच्या ताब्यावरून शहरात पुन्हा लढाई पेटली आणि नुकती परतलेली माणसं पुन्हा पळाली. १९९७ मध्ये ते मिटलं.

घरं मात्र बाहेरच्या पैशातून उठली. लंडन, कार्डिफ, टोरोंटो, मिनेसोटा, जेद्दा. टॅक्सी चालवणारा भाऊ, नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणारी बहीण. महिन्याला शंभर-दोनशे डॉलर हवाल्याने. दहबशील ही आज आफ्रिकेतली एक सर्वांत मोठी हवाला कंपनी, ती याच लोकांची. मालकाने १९७० मध्ये बुराओत सुरू केली, युद्धात सगळं गमावलं, आणि छावणीतल्या लोकांना नातेवाइकांचे पैसे पोचवून पुन्हा उभी केली. बाहेरून येणाऱ्या रकमेचे अंदाज वर्षाला पन्नास कोटी ते एक अब्ज डॉलर असे आहेत. एवढ्याशा देशाला.

बाजारात सराफ फुटपाथवर नोटांच्या थप्प्या मांडून बसतात, आपल्याकडे कांदे-बटाटे मांडतात तसे. एका डॉलरला काही हजार शिलिंग, त्यामुळे थोडे डॉलर मोडले तरी पिशवी लागते. नमाजाची वेळ झाली की थप्पीवर कापड टाकून माणूस निघून जातो. बंदूकधारी नाही, काच नाही, कुणी हात लावत नाही. अर्थात या थप्प्यांचा उपयोगही कमी होत चाललाय. २००९ मध्ये टेलिसोम कंपनीने झाद नावाची मोबाइल पैशांची सेवा आणली, साध्या बटणांच्या फोनवर चालणारी, पाठवायला शुल्क नाही. आज चहाच्या टपरीच्या पाटीवर दुकानाच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात झादचा नंबर रंगवलेला असतो. आपल्याकडे भाजीवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोड दिसायला लागायच्या कितीतरी आधी इथे हे सुरळीत चालू होतं.

सध्या इतकंच. प्रश्न असतील तर विचारा.

मृण्मयी_क

वाचतेय. दवाखाना झाडल्याबद्दल तुरुंग, हे वाचून थांबले. अजून येऊ द्या. एक भाबडा प्रश्न : सुरक्षित आहे का? बाईमाणसाला एकटीने जाता येईल?

बंदरकर

@मृण्मयी_क, शहरात दिवसा फिरायला मला कधी अडचण आली नाही. बायका दुकानं चालवतात, सोनं विकतात, सराफी करतात. डोकं झाकायचं, पूर्ण बाह्यांचे कपडे, एवढं पाळावंच लागतं, परदेशी बाईलाही. २००३ मध्ये काही परदेशी मदतकार्यकर्त्यांच्या हत्या झाल्या, त्यानंतर शहराबाहेर परदेशी माणसासोबत हत्यारी पोलीस देण्याची पद्धत पडली. शेवटचा मोठा हल्ला २९ ऑक्टोबर २००८ चा, एकाच सकाळी राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, इथिओपियाची कचेरी आणि संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय यांवर आत्मघाती स्फोट. त्यानंतर राजधानीत तसं काही झालेलं नाही, आणि मोगादिशूच्या तुलनेत ही फार मोठी गोष्ट आहे. विमानं अदिस अबाबा किंवा दुबईमार्गे.

गिरगावचा म्हातारा

बंदरकर, छान लिहिलंत. मुंबईचा या प्रदेशाशी जुना संबंध आहे, तो कुणाला आठवत नाही म्हणून लिहितो. एडन हे मुंबई इलाख्याखाली होतं. १८८४ नंतर इंग्रजांनी बर्बेरा किनारा घेतला तो एडनला मटण मिळावं म्हणून! एडनच्या छावणीचं मांस याच किनाऱ्यावरून यायचं. १८९८ पर्यंत हा मुलूख एडनमार्फत, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या कारभाराखाली होता. रुपया तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालत होता तिथे. रिचर्ड बर्टन १८५४-५५ मध्ये तिकडे गेला तो मुंबईच्या फौजेतला अधिकारी म्हणूनच, आणि बर्बेऱ्यात गालातून भाला आरपार जाऊन परत आला.

राजधानी आधी बर्बेऱ्यालाच होती. उन्हाळ्यात तिथे माणूस शिजतो. हर्गेसा समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर, हवा थंड. १९४१ मध्ये इंग्रजांनी बस्तान वर हलवलं. आपले साहेब महाबळेश्वरला जायचे, तेच वेड.

खवचट खान

कौतुक पुरे, आता थोडं मीठ टाकतो.

एक, हे 'झाडाखाली बसलेले म्हातारे' सगळे पुरुष आहेत. ८२ जणांची गूर्ती आजवर एकदाही थेट निवडून आलेली नाही, मुदतवाढीवर मुदतवाढ. २०२१ च्या संसदेच्या निवडणुकीत १३ बायका उभ्या होत्या, निवडून आल्या शून्य. कुळाच्या वर्गणीतून शहर बांधलं की कुळाचाच कारभार येणार.

दोन, लास अनोद. पूर्वेकडचं हे शहर. तिथल्या दुलबहांते लोकांना हर्गेसाच्या राज्यात राहायचं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये लढाई सुरू झाली आणि सोमालीलँडच्या सैन्याने शहरात अंदाधुंद तोफा डागल्याचं अ‍ॅम्नेस्टीने नोंदवलंय. दवाखान्यावरही गोळे पडले. दीड लाखाहून जास्त माणसं घर सोडून गेली. ऑगस्टमध्ये सैन्याला तिथून माघार घ्यावी लागली. ज्यांच्या चौकात मिग उभं आहे, त्यांनी हे करावं?

तीन, पत्रकारांना उचलणं ही तिथली नित्याची बाब आहे. तुम्ही पर्यटकांचं माहितीपत्रक लिहू नका.

बंदरकर

@खवचट खान, तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि लास अनोदचा तर हर्गेसातले माझे परिचितही आवाज खाली करूनच बोलतात. काही जण बोलतच नाहीत. फक्त दुसरी बाजूही टाकतो. २००३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ८० मतांनी ठरली. हजार नाही, ८०. हरलेल्या सिलान्यो यांनी आरडाओरडा केला, कोर्टात गेले, आणि शेवटी मान्य केलं. २०१० मध्ये तेच निवडून आले. २०१७ मध्ये बुबुळांच्या नोंदीवर मतदारयादी केली, देशपातळीच्या निवडणुकीत असं जगात पहिल्यांदाच. २०२४ च्या नोव्हेंबरात सत्तेतला राष्ट्राध्यक्ष हरला आणि गुपचूप घरी गेला. शेजारपाजारचे सगळे देश डोळ्यांसमोर आणा आणि सांगा, हे कुठे होतं.

खवचट खान

निवडणुका वेळेवर होतात का? २०२२ ची २०२४ मध्ये झाली, हे लिहायचं राहिलं तुमचं. बाकी ८० मतांचा किस्सा भारी आहे, मान्य.

वैशाली (कोंढवा)

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर काही वर्षं चार सोमाली मुलं भाड्याने राहत होती, कॉलेजात शिकायला आलेली. त्यातला एक हर्गेसाचा. पहिल्या दिवाळीत फराळाचं ताट दिलं, तर दुसऱ्या दिवशी ताटात तळलेले सांबूस भरून परत. आपले समोसेच, पण आत खिमा, त्यामुळे आमच्या सासूबाईंनी ताट दुरूनच बघितलं. ☺ मला 'काकू' म्हणायला त्याला वॉचमनने शिकवलं होतं.

त्याच्या फीचे पैसे कसे यायचे ते ऐकून मी थक्क झाले होते. एक मामा लंडनला, एक आत्या स्वीडनला, एक चुलत भाऊ सौदीत. तिघांनी वर्षं वाटून घेतलेली. वडील युद्धात गेले होते. मी सहज विचारलं, "तू कमावायला लागलास की परत करायचे का?" तर म्हणाला, "काकू, त्यांना नाही. माझ्यानंतरच्या दोघांना." आता हर्गेसात एका बँकेत आहे. ईदला अजून फोन येतो.

सखाराम गटणे २.०

वैशालीताई, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी.

पाणीवाला

व्यवसायाने पाणीपुरवठ्याचा माणूस, म्हणून हात शिवशिवतात. बंदरकर, तुम्ही फोन, हवाला, घरं याबद्दल लिहिलंत. पाण्याबद्दल अवाक्षर नाही. शहराचं पाणी येतं कुठून? नदी आहे का?

बंदरकर

@पाणीवाला, बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत.

नदी म्हणजे मारोदी-जीह, शहराच्या मधून जाते. वर्षातले बहुतेक दिवस कोरडी वाळू. त्या पात्रात गाड्या धुतात, शेळ्या बसतात, पोरं फुटबॉल खेळतात. पाऊस आला की तासाभरात लोंढा. पिण्याचं पाणी गीद दीब्ले नावाच्या विहिरींच्या पट्ट्यातून, शहराच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर. ती योजना चिन्यांनी सत्तरच्या दशकात बांधली, तेव्हाच्या लहानशा हर्गेसासाठी. युद्धानंतर तीच डागडुजी करून चालवली. आज शहर दहा लाखांच्या वर गेलंय आणि पाइप जुन्या गावापुरतेच. नंतर वाहिन्या वाढवल्या, नव्या विहिरी खणल्या, काही परदेशी मदतही आली, तरी टेकड्यांवरच्या नव्या वस्त्यांत पाणी येतं ते टँकरने किंवा गाढवाच्या गाडीवर पिंप ठेवून. आणि नेहमीचाच न्याय : ज्याच्या घरी नळ आहे त्याला पाणी स्वस्त, गाढवगाडीवाल्याकडून घेणारा गरीब माणूस लिटरमागे त्याच्या कितीतरी पट मोजतो.

मला यात या शहराची सगळी गोम दिसते. ज्या गोष्टी एकेका घराला किंवा कंपनीला विकता येतात, त्या इथे झपाट्याने आल्या. युद्धानंतर वीज आली ती गल्लोगल्लीच्या जनरेटरवाल्यांकडून, प्रत्येकाची तार वेगळी, खांबांवर तारांची जाळी. दर एके काळी युनिटला जवळजवळ एक डॉलर. फोन कंपन्या तर इतक्या स्वतंत्र की बरीच वर्षं एकीच्या फोनवरून दुसरीला फोन लागायचा नाही. लोक दोन-दोन फोन बाळगायचे. कोका-कोलाचा कारखाना २०१२ मध्ये आला. पण सांडपाण्याची गटारं, रुंद रस्ते, पाण्याच्या मोठ्या वाहिन्या, अग्निशमन यांना वर्गणी कोण देणार? मामाने फी भरली तर भाचा दिसतो. गटार कुणालाच दिसत नाही.

अग्निशमनावरून आठवलं. १ एप्रिल २०२२, शुक्रवार, दुसऱ्या दिवसापासून रमजान. वाहीन बाजाराला संध्याकाळी आग लागली. हर्गेसाच नव्हे, सगळ्या सोमालीलँडची ही मुख्य पेठ. फळ्या-पत्र्यांची दुकानं, मध्ये एक माणूस आडवा जाईल एवढ्या गल्ल्या. बंब आत शिरेचनात. रात्रभर जळत होतं. हजारो दुकानं गेली, नुकसान दीड ते दोन अब्ज डॉलर असल्याचं सरकारने सांगितलं. विमा जवळजवळ कुणाचाच नाही. रोख रक्कम तिथेच पेट्यांत ठेवलेली, तीही गेली. तेव्हा पुन्हा तेच झालं : परदेशातून पैसे, कुळांची वर्गणी, व्यापाऱ्यांची आपसात उधारी. लोक रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून काही दिवसांत विकायला बसले.

पाणीवाला

म्हणजे गल्ली रुंद करायची तर कुणाचं तरी दुकान दोन फूट मागे घ्यायचं, आणि त्याची जमीन आहे हे सिद्ध करणारा कागद १९८८ मध्ये जळालेला. मी अशाच प्रकरणांत आयुष्य घालवलंय, देश वेगळा असला तरी.

बंदरकर

अगदी हेच. जमिनीच्या नोंदी युद्धात गेल्या. जे आधी परतले त्यांनी रिकामी जागा धरली, मूळ मालक दहा वर्षांनी कॅनडातून उगवला. शहरातली निम्मी भांडणं याच कारणाची, आणि बहुतेक कुळाच्या पंचांसमोर सुटतात, कोर्टात नाही.

डॉ. अनुराधा

एडना अदान इस्माईल यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. सोमालीलँडच्या पहिल्या प्रशिक्षित परिचारिका-सुईण. वडील डॉक्टर. त्या काळी मुलींना शाळा नव्हती, वडिलांनी घरी आणि मग जिबूतीत शिकवलं, पुढे लंडनला. एगाल यांच्या पत्नी होत्या, नंतर विभक्त. जागतिक आरोग्य संघटनेत नोकरी केली. निवृत्त झाल्यावर आराम करायचा सोडून गाडी, दागिने विकले आणि हर्गेसात कचऱ्याच्या उकिरड्याची जागा मिळाली तिथे प्रसूतिगृह बांधलं. २००२ मध्ये उघडलं. मधल्या काळात परराष्ट्रमंत्रीही होत्या. मुलींच्या जननेंद्रियांच्या छेदाविरुद्ध त्या १९७६ पासून जाहीर बोलत आल्या आहेत, स्वतःवर लहानपणी ते झालेलं आहे. २०२३ चा टेम्पलटन पुरस्कार त्यांना मिळाला.

माझ्या दृष्टीने इमारतीपेक्षा मोठं काम म्हणजे तिथे तयार झालेल्या सुईणी. युद्धात डॉक्टर-नर्स मेले किंवा देशोधडीला लागले होते. सुईण शिकवायची, तिला तिच्या गावी पाठवायची, इतकं साधं. गुंतागुंतीच्या आजारांसाठी मात्र ज्याला परवडतं तो अजून बाहेर जातो, भारतातही. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांच्या बाहेर सोमाली कुटुंबं दिसतात त्यातली काही तिकडचीच.

मृण्मयी_क

डॉक्टर, धन्यवाद. आजच त्यांच्या मुलाखती शोधते.

खवचट खान

चाट, म्हणजे ती नशेची पानं, चावण्याबद्दल कुणीच का बोलत नाही? की 'वर्गणी'च्या गोडव्यात कडू पानं बसत नाहीत?

बंदरकर

बोलू की. तिकडे त्याला काद म्हणतात. इथिओपियाच्या उंच डोंगरांतून रोज सकाळी तोडून, ओल्या गोणपाटात बांधून, ट्रक सुसाट सुटतात. पान शिळं झालं की नशा उतरते, त्यामुळे त्या ट्रकसमोर कुणी उभं राहत नाही. दुपारी हिरव्या टपऱ्यांपुढे गर्दी, विकणाऱ्या बहुतेक बायका, चघळणारे बहुतेक पुरुष. दुपारी दोननंतर सरकारी कचेरीत काम काढायचं असेल तर माझा सल्ला : उद्या या. सरकारला मात्र त्याच पानांवर भरपूर कर मिळतो, त्यामुळे बंदीची भाषा कुणी गंभीरपणे करत नाही. घरखर्चाचे डॉलर गालात जातात, हे तिथल्या बायका मोठ्याने म्हणतात.

दुसरी कडू गोष्ट तरुण पोरांची. शिकलेले आहेत, १९९८ पासून विद्यापीठं निघाली, हर्गेसा विद्यापीठ २००० चं, पण नोकऱ्या नाहीत. मग इथिओपिया, सुदान, लिबिया करत समुद्रापर्यंत पायी-ट्रकने निघतात. त्याला तहरीब म्हणतात. वाटेत दलाल धरतो, घरी फोन करतो, आणि मग तीच वर्गणी खंडणीसाठी काढावी लागते.

कॅसेटवाला

अवांतर नाही, पण थोडं वेगळं. सोमाली लोक मुळात कवितेवर जगणारे. त्यांची भाषा लिहायला अधिकृत लिपी १९७२ मध्ये ठरली, त्याआधी सगळं पाठांतर. साहजिकच कॅसेट हे त्यांचं खरं ग्रंथालय. रेडिओ हर्गेसा १९४० च्या दशकापासूनचं. १९८८ मध्ये बॉम्ब पडायला लागल्यावर तिथल्या लोकांनी ध्वनिमुद्रणं लपवली, काही जमिनीखाली पुरली, काही सीमेपलीकडे नेली. आता हर्गेसाच्या सांस्कृतिक केंद्रात हजारो कॅसेट आहेत आणि एकेक करून त्या संगणकावर चढवतायत. तेच लोक २००८ पासून दरवर्षी पुस्तकांचा मेळा भरवतात, तंबूत भरगच्च गर्दी.

सहरा हालगान ही गायिका. युद्धात लढणाऱ्यांची शुश्रूषा करायची आणि त्यांना गाणी म्हणून दाखवायची. नंतर फ्रान्समध्ये निर्वासित. परत येऊन हर्गेसात तिने हिदो धवर नावाचं, बसून गाणं ऐकायचं ठिकाण काढलं. धर्माच्या नावाने गाण्यावर नाकं मुरडणारे शहरात कमी नाहीत, त्यामुळे हे सोपं नव्हतं. आणि धावपटू मो फाराह? त्याचं बालपण याच भागातलं, वडील याच युद्धात गेले. बार्कलेज बँकेने २०१३ मध्ये दहबशीलचं खातं बंद करायचं ठरवलं तेव्हा विरोधात उभा राहिलेल्यांत तोही होता.

जयदीप_नाशिक

खाण्याबद्दल लिहा हो!

बंदरकर

भात, जिरं-वेलदोडा-लवंगेचा मसाला, वर बकऱ्याचं किंवा उंटाचं मांस, आणि ताटात एक सोललेलं केळं. भातासोबत घास घास केळं खायचं. पहिल्यांदा विचित्र वाटतं, मग सवय लागते. चहात दूध, साखर आणि मसाला आपल्याहून सढळ. शाकाहारी माणसाचे हाल ठरलेले.

आणि हो, गाड्या. जपानमधून जुन्या टोयोटा येतात, स्टिअरिंग उजवीकडे. रस्त्यावर चालायचं तेही उजवीकडून. त्यामुळे पुढची गाडी ओलांडताना ड्रायव्हरला समोरचं काही दिसत नाही. शेजारी बसलेल्याने सांगायचं, "जा, मोकळं आहे." शेजारी मी असायचो.

गिरगावचा म्हातारा

ज्यांनी १९८८ चा तो संहार घडवला त्यांचं पुढे काय झालं? कुणाला शिक्षा?

बंदरकर

आजोबा, सोमालियात कुणालाही नाही. १९९७ च्या पावसात मलको-दुरदुरो भागात जमीन धुपून सामूहिक थडगी उघडी पडली, हातांना दोर बांधलेले सांगाडे निघाले. पुढे पेरू देशातले न्यायवैद्यक तज्ज्ञ येऊन ती उकरत, ओळख पटवत होते. खटले चालले ते अमेरिकेत, तेही दिवाणी. आधी संरक्षणमंत्री आणि १९८८ मध्ये पंतप्रधान असलेले महंमद अली समंतर व्हर्जिनियात आरामात राहत होते. त्यांच्यावर वाचलेल्या लोकांनी दावा लावला. २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परकीय राष्ट्राला मिळणाऱ्या संरक्षणाच्या कायद्याआड त्यांना लपता येणार नाही. २०१२ मध्ये २ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठोठावली. २०१६ मध्ये ते वारले. दुसरा कर्नल युसुफ अब्दी अली, म्हणजे तुके. वॉशिंग्टनजवळ विमानतळावर सुरक्षारक्षक होता, नंतर भाड्याची गाडी चालवायचा. २०१९ मध्ये ज्युरीने छळाच्या प्रकरणात त्याला जबाबदार धरलं, ५ लाख डॉलर. वादी त्या वेळचा एक शेतकरी मुलगा, ज्याला गोळ्या घालून पुरायला दिलं होतं आणि पुरणाऱ्यांनी जिवंत बघून घरच्यांना पैसे घेऊन परत दिलं.

खवचट खान

पैसे घेऊन. म्हणजे तिथेही वर्गणी निघालीच.

जयदीप_नाशिक

लास गीलची गुहाचित्रं इथूनच जवळ ना? डिसेंबरात अदिसला कामासाठी जातोय, जोडून जमेल का?

बंदरकर

जमेल. हर्गेसापासून बर्बेऱ्याच्या रस्त्याने पन्नासेक किलोमीटर, मग आत कच्चा रस्ता, चारही चाकं ओढणारी गाडी हवी. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी २००२ मध्ये जगापुढे आणली. रंगवलेल्या गाई हजारो वर्षांच्या आहेत आणि रंग कालचा वाटतो. हर्गेसात पर्यटन खात्यातून आधी परवाना घ्या, त्याशिवाय पहारेकरी आत सोडत नाही. सोबत पोलीस घ्यावा लागेल, त्याचे पैसे तुमच्याकडून, आणि त्याच्या दुपारच्या कादचे वेगळे. डॉलर नेताना नव्या, न फाटलेल्या नोटा न्या. जुन्या आणि दुमडलेल्या तिथे कुणी घेत नाही.